देवालय, देव आणि दानव : राज्यसभेतील डॉ. आंबेडकर

गेल्या पावसाळ्यात एका आजारी भाविकाच्या भेटीस आम्ही जांब समर्थ येथे गेलो होतो. जालना जिल्ह्यातील हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि शेजारचे एक निवृत्त गुरुजी येऊन बसले. गुरुजी चांगले वाचणारे. बोलता बोलता विषय राज्यघटनेवर गेला तेव्हा ते म्हणाले, "फादर, ही घटना मी जाळून टाकीन, असं खुद्द बाबासाहेबच म्हणाले होते. मग आपण तिचं एवढं कौतुक का करायचं?" यावर त्या घरातील महाविद्यालयात जाणारा मुलगा उसळून म्हणाला, "गुरुजी, बाबासाहेब असं बोलणं शक्यच नाही. हे कुणीतरी मागाहून जोडलेलं आहे." दोघांनीही निवाड्यासाठी आमच्याकडे पाहिले. ते वाक्य बाबासाहेबांचेच आहे, पण ते अर्धे आहे, एवढेच आम्हांस त्या वेळी सांगता आले. उरलेले अर्धे नेमके काय, हे सांगण्याइतके ते आमच्या स्मरणात नव्हते. परत आल्यावर आम्ही महाराष्ट्र शासनाने १९९७ साली प्रसिद्ध केलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला आंबेडकर-वाङ्मयाचा पंधरावा खंड पुन्हा काढून बसलो. त्या वाचनातून हा लेख सिद्ध झाला आहे.

या खंडात डॉ. आंबेडकरांची १९४७ ते १९५६ या काळातील संसदीय भाषणे इंग्रजीत एकत्र केलेली आहेत. कायदेमंत्री या नात्याने केलेली भाषणे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. मंत्रिपद सोडल्यानंतरच्या राज्यसभेतील भाषणांकडे मात्र सामान्य वाचक फारसा वळत नाही. खरे तर आपल्यासारख्या वाचकांनी आधी वाचावीत ती हीच. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू संहिता विधेयक रखडल्याने त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून लोकसभेसाठी ते उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यानंतर मुंबई राज्यातून ते वरिष्ठ सभागृहावर निवडून गेले. हे सभागृह १३ मे १९५२ रोजी प्रथम भरले. त्याचे 'राज्यसभा' हे नाव मागाहून, २३ ऑगस्ट १९५४ रोजी, जाहीर झाले. सभापतिपदी डॉ. राधाकृष्णन होते आणि सत्तारूढ पक्षाचे बहुमत प्रचंड होते. अशा सभागृहात एकसष्टी गाठलेला, प्रकृतीने थकत चाललेला हा सदस्य बोलण्यास उठे तेव्हा त्याच्या हाती ना मंत्रिपद होते ना मतांचे पाठबळ. हाती उरला होता केवळ युक्तिवाद. म्हणूनच या भाषणांत मनुष्य अधिक उघडा दिसतो.

गुरुजींनी सांगितलेले वाक्य २ सप्टेंबर १९५३ चे आहे. आंध्र राज्याच्या निर्मितीचे विधेयक सभागृहापुढे होते. मद्रास राज्यातील तेलुगू भाषिकांचे वेगळे राज्य व्हावे यासाठी पोट्टी श्रीरामुलु यांनी प्राण वेचले होते, आणि भाषावार राज्यांचे वारे देशभर वाहू लागले होते. त्या उत्साहात आंबेडकरांनी एक अप्रिय प्रश्न उभा केला. एका भाषेचे राज्य झाले की त्या राज्यात ज्या जातीच्या हाती जमीन व संख्या आहे तीच राज्य करील. मग गावकुसाबाहेरच्या लहान समाजांना दाद मागायची कुणाकडे? यावर राज्यपालाच्या हाती काही विशेष अधिकार असावेत, असे त्यांनी सुचविले. मंत्र्याने पुढे केलेला कोणताही प्रस्ताव निमूटपणे मान्य करणारा राज्यपाल म्हणजे केवळ शिक्का होय, असा त्यांचा आक्षेप होता.

येथे एका सदस्याने त्यांना बरोबर अडविले. हीच व्यवस्था आपण स्वतः घटना समितीत उचलून धरली होती, याची त्याने आठवण करून दिली. आंबेडकर उत्तरले की, आम्ही वकील मंडळी पुष्कळ गोष्टींचे समर्थन करीत असतो. मग शब्दाने शब्द वाढत गेला. लोक मला घटनेचा शिल्पकार म्हणतात, पण मी सांगितले ते लिहिणारा भाडोत्री लेखक होतो, पुष्कळदा मनाविरुद्ध लिहिले, असे ते म्हणून गेले. एका सदस्याने टोमणा मारला की, मग अशा धन्यांची चाकरी तरी कशाला केलीत? याच तापलेल्या क्षणी ते प्रसिद्ध वाक्य आले : ही घटना जाळण्यास पहिला पुढे होणारा मी असेन, ती कुणालाच सोयीची नाही.

वाक्य खरे आहे. आमच्या तरुण मित्राने त्याचा स्वीकार केला पाहिजे. परंतु भाषण तेथे संपत नाही, आणि ही गोष्ट गुरुजींनी लक्षात घेतली पाहिजे. लगेच पुढच्या श्वासात आंबेडकर सांगतात की, ते काहीही असो, आपल्या लोकांना हा कारभार चालवायचा असेल तर या देशात बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत, याचा विसर पडता कामा नये. तुम्हांला वेगळे ओळखले तर लोकशाहीला धक्का बसेल, अशी सबब सांगून अल्पसंख्यांना बाजूला सारता येणार नाही. सर्वांत मोठी हानी होईल ती अल्पसंख्यांना दुखविल्याने. साऱ्या भाषणाचा भार या विधानावर आहे. आग ही त्या प्रतिपादनाच्या वाटेवर उडालेली एक ठिणगी होती. सत्तर वर्षे लोक ठिणगी तेवढी जपून ठेवीत आले आणि ज्यासाठी चूल पेटविली होती ते अन्न विसरून गेले.

समीक्षा करावयाची तर दोषही सांगितले पाहिजेत. 'भाडोत्री लेखक' हे विशेषण आंबेडकरांनी स्वतःवर केलेला अन्याय आहे. घटना समितीत मसुद्याच्या कलमाकलमाला उत्तरे देणारा मनुष्य भाडोत्री नव्हता, हे त्या चर्चांचे कोणतेही पान उघडले तरी दिसते. दुसरा दोष अधिक गंभीर. अल्पसंख्यांचे रक्षण राज्यपालाकडे सोपविण्याची त्यांची सूचना काळाच्या कसोटीवर उतरली असती, असे आम्हांस वाटत नाही. राज्यपालाच्या अहवालाचा उपयोग राज्य सरकारे पाडण्यासाठी कसा होतो, हे पुढे देशाने वारंवार पाहिले. ३१ जुलै १९५९ रोजी केरळातील नंबुद्रिपाद मंत्रिमंडळ बरखास्त झाले, आणि त्याआधीच्या आंदोलनात आपले केरळीय धर्मबांधव मोठ्या संख्येने सामील होते, हेही लपविण्यात अर्थ नाही. या अधिकाराला भक्कम कुंपण घातले ते सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात. रोगाचे निदान अचूक होते. सुचविलेले औषध मात्र तितके निर्धोक नव्हते.

आता दुसरा प्रसंग. दीड वर्षानंतर, १९ मार्च १९५५ रोजी, मालमत्तेच्या हक्कासंबंधीच्या चौथ्या घटनादुरुस्तीवर चर्चा चालू होती. मूळचे एकतिसावे कलम हे नेहरू, पटेल आणि पंत या तिघांच्या तीन मतांतून काढलेली तडजोड होती, आणि ते इतके कुरूप आहे की त्याकडे पाहण्याचीही आपल्याला इच्छा होत नाही, असे आंबेडकर मोकळेपणे सांगत होते. एवढ्यात डॉ. अनुपसिंग यांनी जाळण्याच्या त्या वाक्याची आठवण दिली. आंबेडकरांनी वाक्य नाकारले नाही किंवा आपला विपर्यास झाला अशी तक्रारही केली नाही. त्या दिवशी घाईत कारण सांगायचे राहिले, ते आज सांगतो, असे म्हणून त्यांनी एक दृष्टांत दिला. देव येऊन राहावा म्हणून आम्ही देवालय बांधले. पण देवाची स्थापना होण्यापूर्वीच दानवाने त्याचा ताबा घेतला, तर ते देवालय पाडण्यावाचून दुसरे काय करणार? आम्ही ते असुरांसाठी बांधले नव्हते, देवांसाठी बांधले होते.

हा दृष्टांत अकस्मात सुचलेला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात त्यांनी हाच विचार साध्या शब्दांत मांडला होता. घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट असतील तर ती वाईट ठरेल, आणि घटना कितीही वाईट असली तरी राबविणारे चांगले असतील तर ती चांगली ठरेल, असा त्याचा आशय. १९४९ चा इशारा, १९५३ चा संताप आणि १९५५ चा दृष्टांत ही तिन्ही एकाच विचाराची रूपे आहेत. तुकडे करून वाचणाऱ्याला त्यांत विसंगती दिसते. सलग वाचणाऱ्याला एक मनुष्य दिसतो.

परंतु या प्रसंगाचा कळस पुढे आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. बी. के. पी. सिन्हा नावाचे सदस्य मध्येच म्हणाले की, मग देवालय कशाला, दानवालाच नष्ट करा. किती साधा आणि किती बिनतोड आक्षेप! आंबेडकर उत्तरले की, ते तुम्हांला जमणार नाही, आपल्या अंगी तेवढे बळ नाही. शतपथ ब्राह्मण वाचून पाहा. देव असुरांकडून नेहमी हरतच आले, अमृत असुरांजवळ होते आणि तगून राहण्यासाठी देवांना ते त्यांच्याकडून काढून घ्यावे लागले.

हे उत्तर निराशेचे आहे काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. पण त्यातील शेवटचा भाग पाहा. देव हरत होते, तरी ते संपले नाहीत. शत्रूच्या घरात असलेले अमृत त्यांनी मिळविले. येथे आम्हांस जांब समर्थचीच आठवण होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या गावातील समर्थांच्या देवघरातून पुरातन मूर्ती चोरीस गेल्या. गाव हळहळले, लोक रस्त्यावर आले, शोधाचा आग्रह धरला, आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मूर्ती हस्तगत केल्या. दोन महिने देवघर रिकामे होते. पण मूर्ती नाहीत म्हणून ते पाडावे, असे गावात कुणाच्या मनात आले नाही. आमच्या मते सिन्हांच्या आक्षेपाला खरे उत्तर हेच आहे. ज्यासाठी घर बांधले ते परत मिळेपर्यंत गाव स्वस्थ बसले नाही.

आपल्याला हा दृष्टांत परका वाटू नये. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने अशाच एका घराची गोष्ट सांगितली आहे. अशुद्ध आत्मा घर सोडून जातो, परत येतो, ते झाडून सजविलेले पाहतो आणि आपल्याहून दुष्ट असे आणखी सात सोबती घेऊन आत शिरतो. मग त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. घर स्वच्छ होते, पण त्यात कुणी राहत नव्हते. आंबेडकरांची भीती नेमकी हीच होती. त्याच प्रभूने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकले, पण मंदिर पाडले नाही. या दोन प्रसंगांच्या मध्ये उभे राहून आंबेडकरांचा दृष्टांत वाचावा, असे आम्ही वाचकांस सुचवितो.

संतापाची ही दोन भाषणे गाजली, परंतु आंबेडकरांचे सभागृहातील खरे काम अधिक शांत होते. १६ सप्टेंबर १९५४ रोजी अस्पृश्यता (अपराध) विधेयकावर ते बोलले. ज्या विषयासाठी आयुष्य वेचले तो कायद्यात उतरत असता ते आनंदाचे भाषण करतील, असे वाटावे. त्यांनी तसे केले नाही. विधेयकाचे नावच त्यांना पटले नाही. हा कायदा नागरी हक्कांच्या रक्षणाचा आहे, तेव्हा नावातही तेच असावे, असा त्यांचा आग्रह होता. गावाने टाकलेल्या बहिष्काराकडेही त्यांनी लक्ष वेधले, कारण गरिबाचे पाणी, रोजगार आणि दुकान एका रात्रीत बंद करणारे ते हत्यार आहे. सभागृहाने त्या वेळी नाव बदलले नाही. कायदा १९५५ साली जुन्याच नावाने आला. पुढे १९७६ साली दुरुस्ती झाली आणि तो 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' म्हणून ओळखला जाऊ लागला. तोवर आंबेडकरांना जाऊन वीस वर्षे झाली होती. वरिष्ठ सभागृहातील एकाकी सदस्याचे शब्द वाया जातात, असे म्हणणाऱ्याने ही तारीख ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला परराष्ट्र धोरणावर त्यांनी पंचशीलावर टीका केली. माओचा पंचशीलावर खरा विश्वास असता तर त्याने आपल्या देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागविले असते, असे ते म्हणाले. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सीमा स्वतःच्या दारापर्यंत आणली, असाही इशारा त्यांनी दिला. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या करारांवर त्यांनी टाकलेला भरवसा आज भाबडा वाटतो; चीनविषयीचा इशारा मात्र १९६२ ने खरा करून दाखविला.

येथे दूरदेशीचा एक दाखला द्यावासा वाटतो. राज्यसभेत राष्ट्रपतींनी बारा सदस्य नामनियुक्त करण्याची आपली पद्धत आयर्लंडच्या घटनेवरून घेतली आहे. त्या देशाच्या सेनेटमध्ये १९२२ ते १९२८ या काळात कवी विल्यम बटलर येट्स हे नामनियुक्त सदस्य होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. ११ जून १९२५ रोजी तेथे घटस्फोटाची वाट बंद करण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली. देश बहुसंख्येने कॅथलिक, येट्स अल्पसंख्य प्रॉटेस्टंट समाजातील. बहुसंख्यांनी आपल्या धर्माची शिकवण कायद्याने इतरांवर लादली तर अल्पसंख्यांवर अन्याय होईल आणि उत्तर आयर्लंड कधीही आपलासा होणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. भाषणात अभिमानाचा ताठा होता आणि पुष्कळांना ते झोंबले. १९३७ च्या घटनेने घटस्फोटावर बंदी घातली. १९९५ च्या सार्वमताने ती अल्प मतांनी उठविली.

विवाह अविच्छेद्य आहे, या ख्रिस्तसभेच्या शिकवणीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. येट्स यांचा प्रश्न मात्र निराळा होता : ज्याचा या शिकवणीवर विश्वास नाही, त्याला ती शिपायाकरवी पाळावयास लावावी काय? डब्लिनमध्ये आपण बहुसंख्य होतो म्हणून हा प्रश्न आपल्याला टोचला नाही. मराठवाड्यात आपण मूठभर आहोत म्हणून तोच प्रश्न आपल्याला रोज कळतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात स्पष्ट केले की, श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजोरी होता कामा नये. आंबेडकरांचे १९५३ चे पुढचे वाक्य आणि येट्स यांचे भाषण यांचा अर्थ आपल्याला मान्य असेल, तर तो आपण जेथे थोडे आहोत तेथे आणि जेथे फार आहोत तेथे सारखाच मान्य असावयास हवा.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मिळालेल्या नाहीत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलणे हे आपले कर्तव्य आहे. पण बोलताना आपल्याच देवालयाकडेही एकदा पाहावे. लग्न जुळविताना आपण कोणते प्रश्न विचारतो? सणाच्या जेवणाला कोण कुणाच्या पंगतीस बसते? धर्मग्रामाच्या समितीत कोणत्या आडनावांचे आवाज ऐकू येतात आणि कोणत्या आडनावांचे लोक नुसते चटया उचलतात? आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. या गोष्टी दिसूनही आम्ही पुष्कळदा पुढच्या मिस्साची वेळ झाली म्हणून उठून गेलो आहोत. दानव संसदेतच शिरतो, असे आंबेडकरांनी कोठे म्हटलेले नाही.

काही दिवसांनी आम्ही त्या दोन भाषणांतील संबंधित पानांचे मराठी भाषांतर वहीत उतरवून जांब समर्थला नेले. गुरुजींनी चष्मा लावून ते सावकाश वाचले. वाचून झाल्यावर ते त्या मुलाला म्हणाले, "वाक्य खरं होतं, बाळ. पण मी पुढचं पान उलटलं नव्हतं." मुलाने वही मागून घेतली, त्याला ती आपल्या मित्रांना दाखवायची होती. ती अद्याप आमच्याकडे परत आलेली नाही, आणि आम्हीही ती मागितलेली नाही.